तीनपैकी शून्य : गणिताचा पेपर काढणाऱ्या आणि तपासणाऱ्या सर्वांना खुले पत्र

स. न. वि. वि.

राज्यातला गणिताचा अभ्यासक्रम ठरवणारे, प्रश्नपत्रिकांचे नमुने काढणारे, उत्तरांच्या चाव्या तयार करणारे आणि त्या चाव्या हातात धरून पेपर तपासणारे, अशा तुम्हा सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहिते आहे. वेगवेगळे लिहून पाहायचा विचार होता, पण त्याचे काय होते ते आधीच कळले. शाळेत विचारायला गेले तर म्हणाले, चावी वरच्या नमुन्याप्रमाणे असते. वर विचारले तर म्हणाले, तपासणे शाळेचे काम. म्हणून आता उघड्यावर लिहिते. चार पालकांनी आणि चार शिक्षकांनीही वाचले तर बरेच.

मी गोव्यातल्या साखळीला घराच्या सोप्यावर गणिताची शिकवणी घेते, त्याला सव्वीस वर्षे झाली. आठवी ते बारावी, आणि अधूनमधून कॉलेजात अडकलेले एखादे पोर. फळा भिंतीला टेकवलेला, बाक दोन, बाकीची मुले चटईवर. मोठ्या क्लासांसारखी जाहिरात नाही, निकालाचे फलक नाहीत. हे एवढ्यासाठी सांगते की या पत्रामागे माझा धंदा वाढवायचा हेतू आहे असे कोणाला वाटू नये. धंदा खरे तर घोकंपट्टीवरच चांगला चालतो.

झाले ते असे. एका शाळेच्या दहावीच्या पूर्वपरीक्षेत प्रश्न होता : वर्तुळाच्या बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला काढलेल्या दोन स्पर्शिकांची लांबी समान असते, हे सिद्ध करा. गुण तीन. माझ्याकडच्या एका मुलीने ते सिद्ध केले. तिला तीनपैकी शून्य मिळाले. समासात लाल शाईने शेरा : ‘मेथड नॉट ॲज पर टेक्स्टबुक’.

त्याच वर्गातल्या, माझ्याचकडे येणाऱ्या एका मुलाला त्याच प्रश्नाला तीनपैकी तीन मिळाले. त्याचे उत्तर मी वाचले. पेपरातल्या आकृतीत बिंदूंना जी अक्षरे दिली होती ती पुस्तकातल्यापेक्षा वेगळी होती. या पठ्ठ्याने पुस्तकातली सिद्धता पुस्तकातल्या अक्षरांसह उतरवली. म्हणजे ज्या दोन त्रिकोणांची एकरूपता त्याने सिद्ध केली, ते त्रिकोण त्या आकृतीत नव्हतेच. शेवटी ‘हेन्स प्रूव्ह्ड’, खाली दोन रेघा. पूर्ण गुण. मुलगा प्रामाणिक आहे. मी दाखवल्यावर तो स्वतःच हसायला लागला आणि म्हणाला, “टीचर, सरांनी पण अक्षरं बघितली नाहीत.”

मुलीचे उत्तर कुठून आले ते थोडे सविस्तर सांगायला हवे. तिचे वडील खाणीवर ट्रक चालवायचे. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या, आणि ट्रक त्यांच्या अंगणात उभा राहिला तो राहिलाच. त्याचा एक जुना टायर माझ्या अंगणात आहे, मीच मागून घेतला. स्पर्शिकेचा धडा आला की मी तो आडवा टाकते, थोडे दूर जमिनीत एक खिळा ठोकते, आणि खिळ्याला बांधलेली सुतळी मुले ताणून टायरला दोन बाजूंनी टेकवतात. जिथे टेकते तिथे खडूची खूण. मग शिंप्याच्या टेपने मोजायचे. या वर्षी एक बाजू आली १०४ सेंटीमीटर आणि दुसरी १०५.

एकाने लगेच जाहीर केले, “टीचर, प्रमेय चुकलं.” दुसरा म्हणाला, सुतळी ढिली पडली. तिसऱ्याचे म्हणणे, टायरच घासून वाकडा झालाय. मी विचारले, सुतळीची चूक की प्रमेयाची, हे ठरवायचे कसे? पुन्हा मोजून? पुन्हा मोजले तर आले १०४ आणि १०४.५. आणि समजा दोन्ही बाजू नेमक्या १०४ आल्या असत्या, तरी ते या टायरचे आणि या खिळ्याचे झाले. स्कूटरच्या टायरचे काय? मुले गप्प झाली. मला शिकवण्यात खरा आनंद होतो तो या गप्प होण्याचा. मोजून भागत नाही हे हाताला कळल्याशिवाय सिद्धतेची भूकच लागत नाही.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहीचा कागद घेऊन आली. पुस्तक तिने उघडलेच नव्हते. पुस्तकात दोन काटकोन त्रिकोणांची एकरूपता दाखवून हे सिद्ध केले आहे. हिने पायथागोरस लावला होता, आणि शेवटी एक ओळ आपणहून घातली होती : ‘लांबी ऋण नसते, म्हणून वर्ग समान तर लांब्या समान.’ ही ओळ बारावीची मुलेसुद्धा गाळतात. परीक्षेत तिने हीच सिद्धता लिहिली. आणि ऐका : दहावीच्या ज्या पुस्तकाचा दाखला देऊन तिला शून्य दिले, त्याच पुस्तकात त्या प्रमेयाच्या लगेच खाली टीप आहे की हे पायथागोरसच्या प्रमेयानेही सिद्ध करता येते, आणि कसे तेही एका ओळीत दिले आहे. मी ती टीप शाळेत नेऊन दाखवली. तपासणारे सर भले गृहस्थ आहेत. वाचून म्हणाले, “खरं आहे मॅडम, पण चावीत नाही.”

आता माझ्या तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली आणि सर्वांत मोठी ही, की तुमच्याकडे बरोबर सिद्धतेची व्याख्या ‘चावीशी जुळणारी’ अशी होऊन बसली आहे. सिद्धता म्हणजे मान्य असलेल्या गोष्टींपासून जे दाखवायचे आहे तिथपर्यंत जाणारी वाट, आणि वाटेतले प्रत्येक पाऊल कशाच्या आधारावर टाकले ते सांगितलेले. पावले खरी असतील तर वाट कोणतीही चालते. पाऊल चुकले असेल तर वाट कितीही ओळखीची असो, चालत नाही. तुम्ही उलटे करता.

आपल्याच मातीतले एक उदाहरण देते. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले. पणजीत त्यांच्या नावाने विचारांचा महोत्सव भरतो, तिथे इतिहासकार म्हणून त्यांचा गौरव होतो. मुळात ते गणिती. १९५९ साली त्यांनी रीमानचे गृहीतक, म्हणजे मूळ संख्यांशी निगडित एक प्रसिद्ध कोडे, सोडवल्याचा दावा केला, तोही कृषी सांख्यिकीच्या एका नियतकालिकात. रीमानने ते मांडले १८५९ साली, आणि आजही ते सुटलेले नाही. जाणकारांनी कोसंबींची मांडणी वाचली आणि ती टिकली नाही. एवढा मोठा माणूस, तरी त्याच्या नावाकडे पाहून कोणी गुण दिले नाहीत, आणि पद्धत नेहमीची नाही म्हणूनही कोणी कापले नाहीत. युक्तिवादातला दुवा निसटतो, म्हणून ते नाकारले गेले. मला हा नकार मान्य आहे. माझ्या मुलीला (शिकवणीतल्या मुली माझ्याच) असाच नकार द्या : ही ओळ, इथे चुकली, अशा कारणाने. शेऱ्यात ते कारण नव्हते, कारण चुकलेली ओळच नव्हती.

दुसरी तक्रार. सिद्धता लिहायला शिकवलेच जात नाही, फक्त पाठ करून घेतली जाते. ‘ही पाच प्रमेये महत्त्वाची, यातले एक नक्की येणार’ अशी यादी दर वर्षी जानेवारीत मुलांच्या फोनवर फिरते. अलीकडे तर सल्ला असतो की प्रमेय सोडूनच द्या, तीनच गुण, तेवढ्या वेळात बहुपर्यायी प्रश्न सहा होतात. व्यवहार म्हणून सल्ला बरोबर आहे, आणि हेच दुःख आहे.

शिकवले नाही की काय होते ते पाहा. नववीच्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात एकच काम देते : दोन विषम संख्यांची बेरीज सम असते, हे सिद्ध करा. निम्मी मुले लिहितात, ३ + ५ = ८, ७ + ९ = १६, ११ + १३ = २४, हेन्स प्रूव्ह्ड. त्यांना मी वर्ग अधिक संख्या अधिक ४१ हा खेळ देते. कोणतीही संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा, वर ४१ मिळवा. शून्य घेतले तर ४१, एक घेतला तर ४३, दोन घेतले तर ४७. सगळ्या मूळ संख्या. एक मुलगा चिकाटीचा, त्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ओळीने ३९ पर्यंत करून आणले. ३९ ला येतात १६०१, तीही मूळ. म्हणाला, चाळीस उदाहरणे झाली, आता तरी मान्य करा. मी म्हटले, आणखी एक कर. चाळिसाला आले १६८१. म्हणजे ४१ गुणिले ४१. तो कागद अजून माझ्या फळ्यामागे खोचलेला आहे. दोनशे वर्षांहून जुना, ऑयलर या गणितज्ञाच्या काळापासूनचा हा फासा, पण दर वर्षी नव्याने लागतो.

उरलेल्या निम्म्यांची चूक अधिक मनोरंजक असते. ते लिहितात : पहिली विषम संख्या २क + १, दुसरी विषम संख्या २क + १, बेरीज ४क + २, म्हणून सम. वाचायला झकास. पण दोन्हीकडे एकच ‘क’ घातल्यामुळे दोन्ही संख्या एकच झाल्या. पाच अधिक पाच सिद्ध झाले, पाच अधिक सात राहून गेले. दुसरीला २ख + १ म्हणायला हवे, मग बेरीज येते २(क + ख + १). हा एका अक्षराचा फरक समजायला मुलांना कधी कधी आख्खी संध्याकाळ लागते, आणि ती संध्याकाळ वाया जात नाही. माझा प्रश्न असा, की ४क + २ लिहिणाऱ्याला तुमच्या चावीप्रमाणे किती गुण? मी तीन शिक्षकांना विचारले. तिघांनीही पूर्ण दिले.

तिसरी तक्रार भाषेची. तिच्यावर जरा थांबते, कारण बाहेरच्यांना ती दिसत नाही. आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळेतले मूल चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकते आणि पाचवीत इंग्रजीत जाते. त्रिकोणाचा ट्रँगल व्हायला दोन दिवस पुरतात. अडतात ते बारके शब्द, ज्यांची यादी कोणी देत नाही : लेट, एनी, सम (इंग्रजीतला, ‘काही’ या अर्थाचा), इफ, ओन्ली इफ. ‘एनी ऑड नंबर’ म्हटले की मूल वाचते ‘कोणतीही एक’, पाच घेते आणि मोकळे होते. त्याचे काय चुकले? बसमध्ये ‘एनी सीट’ म्हणजे एकच सीट असते. मराठीतल्या ‘कोणतीही’लाही हा दोष आहेच, पण ‘प्रत्येक’ म्हटले की मूल थबकते.

‘समजा’चे तर दोन अवतार. ‘समजा क ही विषम संख्या आहे’ यात नुसते नाव ठेवणे आहे. ‘समजा दोनचे वर्गमूळ परिमेय आहे’ यात जे खोटे म्हणून दाखवायचे तेच घटकाभर खरे धरणे आहे. मुलांना हा अप्रामाणिकपणा वाटतो. एकीने विचारलेही, “टीचर, खोटं आहे ठाऊक असताना समजायचं कित्याक?” माझे माहेर दोडामार्गचे, तेव्हा मी दशावतार काढला. त्यातल्या संकासुर राक्षसाला आधी रंगमंचावर आणावे लागते, त्याला मनसोक्त बोलू द्यावे लागते. तो आलाच नाही तर वध कोणाचा करणार? अप्रत्यक्ष सिद्धता तशीच : खोट्याला पुढे बोलवायचे, आणि त्याच्याच बोलण्यातून विसंगती निघाली की खेळ संपला. आणि व्यत्यासासाठी, म्हणजे जर-तर उलटे फिरवण्यासाठी, चतुर्थी आहेच. चतुर्थी असली की शाळेला सुट्टी. म्हणून सुट्टी असली की चतुर्थी? सगळा वर्ग हसतो, आणि पुढच्याच गणितात तीच चूक करतो.

आमच्या शाळेत, म्हणजे मराठी माध्यमात, सिद्धतेला चार खण असायचे : पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. पक्षात काय दिले आहे, साध्यात काय दाखवायचे आहे. आज मी मुलांना कच्च्या वहीत हे चार शब्द लिहायला लावते आणि पक्क्यात ‘गिव्हन, टू प्रूव्ह’. एका शाळेत कच्च्या कामात मराठी शब्द दिसले म्हणून मुलाला बोलणी बसली. यावर अधिक लिहीत नाही.

चौथी तक्रार वरून आलेल्या कपातीची, आणि ती तुम्ही मुकाट्याने गिळल्याची. २०२२ साली भार हलका करण्यासाठी एनसीईआरटीने, म्हणजे शाळेची पुस्तके काढणाऱ्या दिल्लीच्या संस्थेने, पुस्तकांतून बरेच काही वगळले. दहावीतून पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता गेली. अकरावीतून गणिती विगमनाचे (इंडक्शनचे) प्रकरण गेले, गणिती तर्काचे प्रकरणही गेले. म्हणजे नेमके जिथे मुलाला ‘का’ विचारायची सवय लागते तेच. गंमत अशी की त्याच दहावीच्या पुस्तकात दोन बिंदूंमधील अंतराचे सूत्र आहे, साइन वर्ग अधिक कोसाइन वर्ग बरोबर एक आहे, आणि दोन्ही उभी आहेत पायथागोरसवर. माडी ठेवली, जोते काढले. नववी-दहावीच्या पुस्तकांमागे ‘गणितातील सिद्धता’ या विषयावर परिशिष्ट होते, चांगले होते. माझ्याकडे आलेल्या एकाही मुलाला ते वर्गात कोणी उघडून दाखवलेले नव्हते.

आता माझी कबुली, नाहीतर हे सगळे दुसऱ्यांच्या माथी मारल्यासारखे होईल. मी स्वतः बी. एस्सी.ला सीमेची (लिमिटची) व्याख्या पाठ केली होती, ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा’ (दोन्ही धन संख्यांची नावे). शब्द न चुकवता लिहिली, गुणही चांगले मिळाले. अर्थ कळला तो लग्नानंतर, स्वयंपाकघरात. सासूबाई कोणाला तरी सांगत होत्या, “प्रत्येक पोराला आई असते.” आणि माझ्या डोक्यात आले की हेच उलट लावले, ‘एक आई अशी आहे जी प्रत्येक पोराची आहे’, तर केवढा अनर्थ. आधी पोर, मग त्याची आई. आधी एप्सिलॉन, मग त्याचा डेल्टा. क्रम बदलला की विधान बदलते. हे मला परीक्षेने कधी विचारले नव्हते. तरीही पुढची अकरा वर्षे मी मुलांकडून प्रमेये पाठच करून घेतली, कारण पेपर तसेच येत होते. त्या अकरा वर्षांतली मुले मला रस्त्यात भेटतात, वाकून नमस्कार करतात, आणि मला ओशाळल्यासारखे होते. त्यांतली दोघे गणित घेऊन कॉलेजात गेली आणि पहिल्याच सत्रात बाहेर पडली. हुशार होती. ‘सिद्ध करा’ म्हटल्यावर सुरुवात कुठून करायची हेच त्यांना ठाऊक नव्हते, कारण मी त्यांना शेवट शिकवला होता.

सिद्धता ही युरोपातून आलेली नसती उठाठेव आहे, आपली परंपरा झटपट हिशेबाची, असे एका प्रशिक्षणाहून परतलेल्या शिक्षिकेने मला ऐकवले. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहून ठेवले आहे की उपपत्तीवाचून, म्हणजे सिद्धतेवाचून, गणकाला जाणत्यांच्या सभेत प्रतिष्ठा नाही, आणि त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाही. पुढे १५४५ मध्ये गणेश दैवज्ञाने भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथावर भाष्य लिहिले, ते अशा उपपत्तींनी भरलेले आहे. हा गणेश दैवज्ञ तर कोकणातल्या नांदगावचा, म्हणजे आपला शेजारीच.

मागण्या सांगते. खर्चाची यातली एकच आहे.

उत्तरांच्या चावीत प्रत्येक सिद्धतेच्या प्रश्नाखाली ठळक लिहा की तर्कशुद्ध असलेली कोणतीही सिद्धता पूर्ण गुणांना पात्र आहे. ‘इतर योग्य पद्धत ग्राह्य’ असे मोघम वाक्य पुरणार नाही. गुण कापले तर कोणत्या ओळीला कापले ते तपासणाऱ्याने लिहिले पाहिजे. ओळ दाखवता येत नसेल तर गुण कापता येणार नाहीत, इतका साधा नियम करा.

प्रत्येक पेपरात एक तरी न पाहिलेले विधान सिद्ध करायला द्या. मोठे नको. ‘तीन लागोपाठच्या संख्यांची बेरीज तिनाने भागते’ एवढेही चालेल. आणि एक प्रश्न असा द्या की त्यात चुकीची सिद्धता छापलेली असेल आणि चुकीची ओळ शोधायची असेल. वर सांगितलेला दोन ‘क’चा घोटाळा तसाच्या तसा छापा, माझी हरकत नाही. दहावीला आणखी एक सुचवते. दोनचे वर्गमूळ अपरिमेय आहे, ही सिद्धता सगळ्यांना पाठ असते. विचारा, की हीच सिद्धता चारच्या वर्गमूळाला लावली तर कुठे अडते? पाठ केलेल्याला एक ओळ लिहिता येणार नाही. समजलेला मुलगा सांगेल की अंश सम निघतो, पण छेद सम आहे असे म्हणायला आधार उरत नाही, विसंगती होतच नाही, आणि चारचे वर्गमूळ तर दोनच आहे. सिद्धता वाचायची कशी, हे असे एकेक गृहीत काढून पाहूनच शिकता येते.

पाचवी ते आठवीसाठी सिद्धतेच्या शब्दांची एक चारपानी पुस्तिका काढा, मराठी, कोकणी आणि इंग्रजी शेजारी शेजारी. जर-तर, फक्त तरच, प्रत्येक, एखादा, समजा, म्हणून, व्यत्यास. कच्च्या कामात मुलाने कोणत्याही भाषेत विचार करावा, त्यावर कोणी बोट ठेवू नये, असे लेखी कळवा.

अकरावीत विगमन आणि तर्क परत आणा. पुस्तक दिल्लीचे असले तरी पूरक म्हणून दहा तासिका ठेवायला कोणी अडवलेले नाही.

आणि खर्चाची ती एक. शिक्षकांची प्रशिक्षणे घेता तेव्हा पडद्यावर चित्रे दाखवण्याऐवजी दोन दिवस त्यांच्याकडून सिद्धता लिहून घ्या, आणि एकमेकांच्या तपासायला लावा. कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी एमटीटीएस नावाचा गणिताचा उन्हाळी उपक्रम देशात १९९३ पासून चालतो. तिथे मुलांना सारखे फळ्यापाशी उभे करून ‘हे कशावरून?’ विचारतात. तशी दोन दिवसांची जत्रा आपल्या शिक्षकांसाठी भरवा. मी चहा-भजीची सोय करते, हवे तर माझा सोपाही घ्या. टायर आहेच.

त्या मुलीचे नाव सांगत नाही. गुण वाढवून मागायचे नाहीत असे तिनेच बजावले आहे, पूर्वपरीक्षेचे गुण कोण विचारतो म्हणाली. पण आता ती पुस्तकातली सिद्धता पाठ करते आहे. मी विचारले तेव्हा म्हणाली, “टीचर, बोर्डात रिस्क नको.” पंधरा वर्षांच्या मुलीला खऱ्या सिद्धतेची जोखीम वाटते, म्हणून मी हे पत्र लिहायला बसले.

तिची सिद्धता, मराठी अक्षरे घालून, ओळींना क्रमांक देऊन, खाली उतरवते.

१. वर्तुळाचे केंद्र क. बाहेरचा बिंदू ख. ख मधून काढलेल्या स्पर्शिका वर्तुळाला प आणि फ येथे स्पर्श करतात.

२. स्पर्शबिंदूपाशी त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते (आधीचे प्रमेय). म्हणून कपख आणि कफख या त्रिकोणांत प आणि फ हे काटकोन.

३. पायथागोरसवरून, खप चा वर्ग = कख चा वर्ग − कप चा वर्ग.

४. तसेच, खफ चा वर्ग = कख चा वर्ग − कफ चा वर्ग.

५. कप = कफ, कारण दोन्ही एकाच वर्तुळाच्या त्रिज्या. म्हणून खप चा वर्ग = खफ चा वर्ग.

६. लांबी ऋण नसते, म्हणून वर्ग समान तर लांब्या समान. खप = खफ. हेच साध्य करायचे होते.

यातली कोणती ओळ चुकली ते कळवावे. कारण नंतर लिहिलेत तरी चालेल, आधी नुसता क्रमांक कळवा.

आपली,
साखळीची एक शिकवणीवाली टीचर